तुसाची वडी आणि वाचनालयाचा कूलर

आमच्या कॉलेजात कूलर एकच होता, आणि तो माझ्या वाचनालयात होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यापायी झाली. आलापल्लीला सागाचं जंगल आहे, गार सावली आहे, असं बाहेरचे लोक मोठ्या कौतुकानं बोलतात. त्यांनी एकदा मे महिन्यात आमच्या टिनाच्या छताखाली बसून दाखवावं. आमचे प्राचार्य बोरकुटे सर रोज दुपारी "जरा एक संदर्भ पाहायचा होता" म्हणत माझ्याकडं यायचे आणि पेपर तोंडावर घेऊन घोरायचे. ग्रंथपाल या नात्यानं त्या कूलरसमोर बसायचा पहिला हक्क माझा. पण कूलरच्या अगदी तोंडापुढचं टेबल भौतिकशास्त्राच्या वत्सला टेंभुर्णे मॅडमनी बळकावलेलं होतं. स्वतःसाठी नाही. काळ्या वड्यांसाठी.

तळहाताएवढ्या, चौकोनी, कुळकुळीत काळ्या वड्या. पितळी ताटात ओळीनं मांडलेल्या. तासिकेवर आलेल्या इतिहासाच्या एका नव्या सरांनी संक्रांतीची उरलेली चिक्की समजून एक उचलली आणि चावली. ते बोंबलत बाहेर आले. मॅडम धावत आल्या, त्यांनी त्या सरांच्या दाताची विचारपूस केली नाही. वडी हातात घेऊन कोपरा केवढा गेला ते पाहिलं आणि म्हणाल्या, "सत्यानाश केला जी तुमी! माया सगळ्यात चांगला नमुना होता हा."

तर ह्या वड्या म्हणजे मॅडमचं पीएच.डी.चं संशोधन. मोबाइलच्या टॉवरमधून येतात, रडारमधून सुटतात आणि शहरातल्या लोकांच्या ओव्हनमध्ये कालची भाजी गरम करतात, त्या मायक्रोवेव्ह लहरी. त्या धातूच्या पत्र्यावर आदळल्या की परत फिरतात. त्यांना परत फिरू न देता जागच्या जागी जिरवणारा, स्वस्त मिश्र पदार्थ मॅडमना करायचा होता. धानाच्या तुसाचा कोळसा, त्यात लोहखनिजाची पूड, आणि हे सगळं बांधायला जंगलातली लाख. "तिन्ही वस्तू आपल्या जिल्ह्याच्या," त्या छाती पुढं काढून सांगायच्या. "नागपूरहून काही आणलं नाई. फक्त गाइड आणला."

मॅडम मूळच्या कुरखेड्याच्या. घर राईस मिलच्या मागं. वारा फिरला की जेवणाच्या ताटात तूस, अंथरुणात तूस, केसात तूस. त्यांची माय मिलमध्येच तूस उपसायला होती आणि संध्याकाळी घरी येऊन खोकत बसायची. "माय म्हणे, मोठी होऊन काही कर, पन ह्या तुसाचं काहीतरी कर. म्हनून मी ह्याले कामाले लावून राह्यली." हे त्या हसत सांगायच्या, आणि सांगून झालं की चष्मा पुसायच्या. चष्मा स्वच्छच असायचा.

प्रयोगशाळेत त्यांच्याकडं एक जुना बाक होता. एका टोकाला लहरी सोडणारी डबी, मग पितळी चौकोनी नळी, पुढं रुंद होत गेलेला कर्णा, आणि शेजारी काट्याचं मीटर. कर्ण्यासमोर पत्रा धरला की सगळी लहर परत यायची आणि काटा वर चढायचा. पत्र्याच्या पुढं वडी धरली की काटा खाली. जेवढा खाली, तेवढी लहर वडीनं गिळली. मॅडम 'शोषण' वगैरे म्हणत नसत. "खाते," म्हणत. "पाहा भाऊ, कशी खाऊन राह्यली!"

एकदा हा नाद लागल्यावर त्यांच्या हातून काही सुटलं नाही. भाकर, छत्री, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, प्राचार्यांनी पाठवलेला मेमो, सगळं कर्ण्यापुढं जाऊन आलं. मेमोतून लहर आरपार गेली. "ह्याच्यात काहीच नाई," असा शेरा मारून मॅडमनी तो परत पाठवला. माणसांचीही त्यांनी तशीच वर्गवारी केली होती. बोरकुटे सर म्हणजे पत्रा, काहीही सांगा, जसंच्या तसं आपल्याच तोंडावर परत. पोट्टे म्हणजे थर्माकोल, इकडून शिकवा, तिकडून बाहेर. "आन् मी?" मी एकदा विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी प्लायवूड. थोडं खाता, बाकी सोडून देता. पन वाईट नाई." हे कौतुक होतं की काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तूस तर अख्ख्या जिल्ह्यात कुठंही मिळतो. पण मॅडमना कुरखेड्याच्या त्याच मिलचा हवा. सुट्टीवरून येताना एसटीत दोन पोती. पोत्याला भोक असायचंच. एकदा मी त्याच गाडीत होतो. आष्टीच्या पुढं रस्ता असा की पोतं प्रत्येक खड्ड्याला फू करायचं आणि मागच्या सीटवरच्या नवरदेवाच्या जाकिटावर तूस. त्याची करवली भांडायला उठली. कंडक्टर म्हणाला, "बाई, हे काय भरलं?" मॅडम म्हणाल्या, "संशोधन." त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मंग ह्याचं लगेज लागन." शेवटी नवरदेव मांडवात उतरला तेव्हा त्याच्या फेट्यावरही थोडं संशोधन होतं.

तूस जाळायचा तर हवा न लागता जाळायचा, नाही तर कोळसा न होता राख होते. मॅडमनी तेलाचे रिकामे पिपे मातीनं लिंपले आणि कॉलेजच्या मागं भट्टी लावली. दिवस मार्चचे, मोहफुलं वेचायला जंगलात पाला जाळायचे, म्हणजे वणव्याचे. धूर असा निघाला की परीक्षेच्या हॉलमधली पोरं खोकत खोकत एकमेकांचे पेपर पाहू लागली. अर्ध्या तासात वनविभागाची गाडी येऊन उभी. वणवा लागला समजून जवान पाठीवर जाळ विझवायचे हवेचे पंखे बांधून धावत आले. मॅडमनी हात आडवा धरला. "हात लावू नका! हवा घुसली तं सगळी राख होईल!" जवान म्हणाले, "बाई, आग विझवाची हाय." मॅडम म्हणाल्या, "आग नाई जी, पाक हाय हा. होऊ द्या." विझवायला आलेले चार गडी तासभर त्या पिप्याची राखण करत बसले, चहा प्यायले, आणि जाताना मॅडमनी त्यांच्या हेल्मेटचीही चाचणी घेतली. आरपार.

आता कूलरकडं येतो. ह्या वड्यांना बांधणारी लाख. आमच्या टिनाखाली लाख मऊ पडायची, वड्या वाकायच्या, एकमेकींना चिकटायच्या. म्हणून मॅडमनी त्या कूलरपुढं आणून ठेवल्या. प्रयोगशाळेत नेतानाही ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायच्या, ऊन लागू नये म्हणून. नेमकं त्याच सुमाराला त्यांनी लाखेचं प्रमाण बदललं होतं. आणि काय आश्चर्य! आतापर्यंत अर्धपोटी असलेल्या वड्या एकदम खादाड झाल्या. काटा धाडकन तळाला. मॅडम वाचनालयात येऊन नाचल्या. खरंच नाचल्या, मी पाहिलंय. पन्नाशी उलटलेली, जाड काचांची बाई 'शांतता राखा'च्या पाटीखाली गिरकी घेत होती. "लाखेचं जमलं, भाऊ! लाखेचं जमलं!" पुढं पावसाळ्यातही आकडे तसेच आले. प्रबंध लिहून झाला, विद्यापीठात गेला. गाइड खूश. मॅडमच्या नोंदणीची मुदत त्याच वर्षी संपत होती आणि निवृत्तीही तोंडावर आली होती, म्हणजे ही शेवटची गाडी होती. ती मिळाली असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. बोरकुटे सरांनी तर उत्साहाच्या भरात भिंतीवरच्या फलकावर 'डॉ. वत्सला टेंभुर्णे' असं रंगवूनही घेतलं. बाहेरचे परीक्षक म्हणाले, तोंडी परीक्षेआधी मी प्रयोग डोळ्यांनी पाहणार. ते मेच्या अखेरीस आलापल्लीला येणार असं ठरलं.

ते येण्याच्या आठवडाभर आधी कूलरचा पंप जळला.

पंखा चालू, पाणी बंद. कूलर म्हणजे नुसती भट्टी झाली. अहेरीचा मिस्तरी उद्या येतो, उद्या येतो म्हणत होता. मी खांद्यावरचा दुपट्टा माठातल्या पाण्यात बुडवून डोक्यावर घेऊन बसलो होतो आणि मिस्तरीला मनातल्या मनात शिव्या हासडत होतो. तेवढ्यात प्रयोगशाळेतून मॅडमची हाक आली.

"गेडाम भाऊ, इकडं या जी. काटा हलून नाई राह्यला."

गेलो. कूलर बंद पडल्यापासून वड्या तिथंच उघड्यावर पडून होत्या. वडी पत्र्यापुढं, काटा वर. दुसरी वडी, तिसरी वडी, काटा हुं की चूं नाही. थोडासा थरथरायचा, बस. मॅडमनी नळ्या काढल्या, पुसल्या, परत जोडल्या. "बाक बिघडला वाट्टे." मग बाक बिघडला का ते पाहायला त्यांनी हाताला लागेल ती वस्तू घेतली. हाताला लागलं ते माझं डोकं. त्यांनी माझा ओला दुपट्टा ओढला, घडी केली आणि कर्ण्यापुढं धरला.

काटा धाडकन तळाला.

मॅडमनी दुपट्ट्याकडं पाहिलं. वडीकडं पाहिलं. मग दारातून पलीकडं वाचनालयातल्या त्या कोरड्या कूलरकडं पाहिलं. आणि हळूच स्टुलावर बसल्या. दुपट्ट्यातून पाणी टपकत होतं, त्यांच्या साडीवर. त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

"पाणी खाऊन राह्यलं होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "वडी नाई. तुसाचा कोळसा म्हंजे बारीक बारीक भोकं. दिवसभर कूलरसमोर बसून पाणी प्याली ती. पाणी लहर खाते, हे बारावीचा पोट्टा सांगते. आन् म्या लाखेचं कौतुक केलं." मग दुपट्टा माझ्यापुढं करत म्हणाल्या, "तुमचा दुपट्टा माया थिसिसपेक्षा जास्त खाते."

मी हसलो नाही. हसायला हवं होतं, त्यांना तेच हवं होतं, पण नाही जमलं.

बातमी दोन तासांत सगळ्या कॉलेजात. बोरकुटे सर स्वतः आले. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, पंप दुरुस्त होईल ना तोवर?"

"होईल."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

गाइडचाही फोन आला. सबमिट झालेलं आहे, कोणी विचारत नाही, तुम्हीही बोलू नका, पदवी घ्या आणि मग पाहिजे तेवढं संशोधन करा. खरं सांगतो, मीही तेच म्हणालो. "मॅडम, कायले उकरता? एवढी वर्षं पोती वाहली तुमी." त्यांनी ताटातल्या वड्या परत ओळीनं लावल्या. मला वाटलं, पटलं.

परीक्षक आले त्या दिवशी कॉलेज म्हणजे लग्नघर. चौघांनी उचलून कूलर प्रयोगशाळेत नेला होता. नवा पंप, नवा वाळा, पाण्यात प्राचार्यांनी हौसेनं गुलाबपाणी टाकलेलं. वड्या सकाळपासून त्याच्यासमोर. परीक्षक पुण्याकडचे, टाय बांधून आलेले. दारातच टाय काढून खिशात घातला. मॅडमनी वडी ठेवली. काटा तळाला. परीक्षकांनी स्वतः ठेवून पाहिली. काटा तळाला.

"वा! उत्कृष्ट!" ते म्हणाले. "तुसापासून एवढं शोषण! मला वाटलं नव्हतं."

बोरकुटे सरांनी टाळी वाजवायला हात वर केले. सोबत आलेल्या गाइडनं घड्याळ पाहिलं. आणि मॅडम म्हणाल्या, "सर, जेवून घेऊ. जेवण झालं का परत एकदा पाहू."

"पुन्हा कशाला?"

"पाहू ना जी. वडी कुठी पळून चालली?"

त्यांनी ती वडी चिमट्यात धरली, बाहेर नेली, आणि उन्हात उभ्या असलेल्या बोरकुटे सरांच्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून दिली. मग हात धुऊन पंगतीला बसल्या. पातोडीचा झणझणीत रस्सा होता. परीक्षकांच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं. बोरकुटे सर घास हातातच धरून बाहेरच्या गाडीकडं पाहत होते. त्यांना समजलं होतं. मी ताटाकडं पाहत बसलो. मॅडम मात्र चांगल्या चापून जेवल्या. भात दोनदा घेतला.

जेवणानंतर वडी उचलायला गेलो तर लाख वितळून बॉनेटला चिकटलेली. पट्टी घालून खरवडून काढली. थोडी वाकली होती, पण खडखडीत वाळली होती. कर्ण्यापुढं ठेवली. काटा वर. जागचा हलला नाही म्हणावं एवढाच हलला.

प्रयोगशाळेत फक्त कूलरचा आवाज. मॅडमनी जाऊन तोही बंद केला.

"सर, माया प्रबंधातले आकडे ओल्या वडीचे हायेत," त्या म्हणाल्या. "मले आत्ता समजलं. आधी समजलं नव्हतं, हे मायं चुकलं."

परीक्षकांनी रुमालानं मान पुसली. "मॅडम, हे तुम्ही मला दाखवलं नसतं तर मी सही करून गेलो असतो."

"माहीत हाय ना जी. पन उद्या कोणी ही वडी खरंच कुठी लावली, आन् उन्हाळ्यात ती उपाशी बसली, तं तो तुमाले नाई शिव्या देणार. मलेबी नाई. तो म्हणन, तूसच हलकट. तुसाचं नाव खराब होईल, सर. मायच्या अंगावर जन्मभर पडला तो. खोटं नाव नाई लावायचं त्याले."

परीक्षक भले गृहस्थ होते. बराच वेळ बसले, वडी उलटीपालटी केली, पुढं काय करता येईल ते सांगितलं. पण प्रबंध परत गेला आणि नोंदणीची मुदत संपली. पदवी गेली ती गेलीच. फलकावरच्या 'डॉ.'वर बोरकुटे सरांनी रंग मारून घेतला. रंग स्वस्तातला, त्याच्याखालून 'डॉ.' अजून दिसतो. त्यांच्या गाडीच्या बॉनेटवरचा काळा चौकोनही तसाच आहे. रॉकेल लावून पाहिलं, पेट्रोल लावून पाहिलं, जात नाही. मला त्या दिवशी मॅडमचा राग आला होता, भयंकर राग. कूलर आणि वड्यांचं ताट वाचनालयात परत आलं, तरी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्या वाचनालयात आल्या, वड्यांचं ताट उचललं आणि म्हणाल्या, "घ्या, तुमचा कूलर मोकळा." मी माझी खुर्ची त्या जागी सरकवली. वारा मस्त लागला, आणि मला तिथं अजिबात बसवेना.

निवृत्तीनंतर त्या कुरखेड्याला गेल्या. बाक भंगारात निघाला तोही घेऊन गेल्या. ह्या उन्हाळ्यात मी त्या बाजूला गेलो होतो, तर वाकडी वाट करून त्यांच्या घरी. गल्लीत विचारलं तर एक म्हातारी म्हणाली, "डाक्टरबाईचं घर? थे काय." वर मला सल्ला, "पन औषध काही देत नाई जी ते. ताप आला म्हनून गेली होती, तं मायासमोर पत्रा धरला."

मॅडम गच्चीवर होत्या. अर्ध्या गच्चीवर शेजारणीच्या कुरड्या, अर्ध्यावर काळ्या वड्या. हातात काठी, कावळे कुरड्यांकडं येत आणि मॅडम दोन्हीकडची राखण करत. बारीक झाल्या होत्या. मला पाहून पहिलं वाक्य, "तो दुपट्टा बाहेर ठेवा आधी. ओला हाय ना?"

खरंच ओला होता. बाहेर दांडीवर टाकला. आत खोलीत खिडक्या बंद, कूलर नाही, माठसुद्धा स्वयंपाकघरात. मॅडमनी उन्हातली वडी आणली. आता वाकडी झाली तरी चालेल म्हणत त्या वडी आधी दिवसचे दिवस उन्हात वाळवत आणि मग वरून लाखेचा पातळ हात देऊन तिची भोकं बुजवत, पाणी शिरू नये म्हणून. वडी पत्र्यापुढं ठेवली. आम्ही दोघं काट्याकडं वाकलो. काटा हलला. धाडकन नाही, म्हातारं माणूस पायरी उतरतं तसा, थांबत थांबत, थोडासा खाली आला आणि तिथंच राहिला.

"थोडीच खाते, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "पन सोताच्या पोटानं खाते."

मी काट्याकडं पाहतच राहिलो. मग मला तो नीट दिसेनासा झाला. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, घाईघाईनं माझा दंड धरला आणि मला कर्ण्यापासून दूर ओढलं.

"डोळे पुसा आधी, गेडाम भाऊ," त्या म्हणाल्या. "ओलं काही चालत नाई इथी."